पुढे हुडहुडी, मागे भट्टी

‘मशीन बदलायचं नाही म्हणजे नाही,’ हे मी तिसऱ्यांदा सांगत होते, आणि तो एसीवाला शिडीच्या मधल्या पायरीवर उभा राहून माझ्या गाडीच्या टपावरच्या मशीनकडे असा बघत होता, डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधी पेशंटकडे बघतो ना, अगदी तसा, आणि खाली आमचे चिरंजीव, दोन्ही हातांत दोन मोठ्या बॅगा, आणि त्या रिकाम्या. हो, रिकाम्या. मुलगा भरलेल्या बॅगा घेऊन आला तर समजावं, राहायला आलाय. रिकाम्या घेऊन आला की समजावं, न्यायला आलाय.

‘आई, त्यांचं ऐक जरा, त्यांना त्यातलं कळतं.’

म्हणजे मला कळत नाही.

तुम्हाला सांगते... बसा ना, ती घडीची खुर्ची ओढा, तिचा एक पाय आखूड आहे, डावीकडे कलू नका म्हणजे झालं. निघायची घाई नाही ना? तुमची घरगाडी आजच या गाड्यांच्या तळावर लागली म्हणजे दोन-तीन दिवस आहात. सगळे दोन-तीन दिवसच असतात. सोमवारी ओळख होते, बुधवारी सुनेची तक्रार सांगून होते आणि गुरुवारी सकाळी बघावं तर शेजारी नुसता चाकांचा वण. माझी गाडी तेवढी हलत नाही. चाकांभोवती गवत गुडघ्याएवढं आलंय बघा. चालवायचे ते आमचे हे, आणि ते गेले त्याला दीड वर्ष झालं. बाकी सगळं मी शिकले, गाडी चालवायला तेवढी शिकले नाही, कारण शेजारी बसून चुका काढायला कुणीतरी लागतंच की.

तर मुद्दा काय, की या घरगाडीला पुढे बैठक, मध्ये ओटा, मागे झोपायची खोली, आणि टपावर एकच एसी. तो गार हवा सोडतो, ती छताच्या आतल्या डक्टमधून, म्हणजे चपट्या बोगद्यातून म्हणा, पुढपासून मागपर्यंत जाते आणि सहा जाळ्यांतून खाली पडते. पडायला हवी. पण घेतल्या दिवसापासून, सहा वर्षं, पुढे हुडहुडी, मागे भट्टी. पुढच्या कोचावर बसलं की दात वाजतात, मागच्या पलंगावर पडलं की पाठ भाजते, आणि मधला दरवाजा ओलांडला की माणसाला कळत नाही, शाल घ्यावी की पंखा.

आता हे सहा वर्षं चाललं तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. पण गेल्या आठवड्यात मी भर दुपारी मागच्या खोलीत यांचं कपाट आवरायला गेले आणि मला जराशी चक्कर आली. जराशी. पलंगाच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, संपलं. चूक एवढीच झाली की ते फोनवर सूनबाईला बोलून गेले. सूनबाई चांगली आहे, माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही, पण तिच्या कानात घातलेली गोष्ट रात्रीपर्यंत मुलाच्या तोंडून बाहेर पडतेच. दुसऱ्या दिवशी फोन. ‘आई, तू पुढे झोपतेस तर मान धरते, मागे जातेस तर चक्कर येते. हे काय जगणं आहे? आमच्याकडे तुझी खोली तयार आहे.’

तयार आहे, मी पाहिलीय. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. भिंत चांगली आहे, नुकतीच रंगवलीय.

आणि परवा सकाळी अकराला आला, बॅगा घेऊन, आणि बरोबर हा एसीवाला. एसीवाला कशाला, तर मी फोनवरच त्याला म्हटलं होतं, ‘एसी दुरुस्त झाला की माझं मी बघेन’, तर आता तज्ज्ञाच्या तोंडून वदवून घ्यायचं, की दुरुस्त होत नाही.

आणि तो वदलाच. शिडीवरून उतरला, हात पुसले, आणि मला नाही, मुलाला म्हणाला, ‘मशीन लहान पडतंय साहेब. आजींना मोठं मशीन लागेल, आणि मोठं मशीन या टपाला झेपणार नाही.’

मी म्हटलं, ‘अहो तज्ज्ञ, पुढे हुडहुडी भरते ती काय मशीन लहान आहे म्हणून? गारवा होतोय भरपूर. तो मागे पोचत नाहीये. टाकी भरलेली असताना मोरीतल्या नळाला पाणी नाही आलं तर तुम्ही टाकी बदलता का?’

तो मुलाकडे बघून हसला. ते हसणं मला ठाऊक आहे. पन्नास वर्षं बघतेय. म्हातारी बोलते छान.

तुम्हाला सांगते, माझी शाळा चौथीपर्यंत. पण आमच्या यांचा धंदा पुस्तकबांधणीचा होता. लोकांची फाटकी पुस्तकं यायची, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, वाचनालयाची गठ्ठ्यांनी, आणि हे ती उसवून सुटी करून ठेवायचे, खळ शिजेपर्यंत, पुठ्ठा कापेपर्यंत. तेवढ्या वेळात मी वाचायचे. सुटी सुटी पानं, कधी शेवट आधी, कधी मधलंच. असं मी अर्धं वैद्यक वाचलं, कायदा वाचला, रेडिओ दुरुस्ती वाचली. नळकामाच्या पुस्तकात एकशे बारा ते एकशे अठ्ठावीस पानं गहाळ होती, म्हणून मला नळ बसवता येतो, काढता येत नाही. पण जे येतं ते पक्कं येतं. आणि हवा काय, पाण्याची थोरली बहीण. जिथे सोपं तिथून जाते.

तेव्हा मी मुलाला म्हटलं, ‘पैज लाव. आत्ता साडेअकरा झालेत. मागच्या खोलीत किती आहे?’

तो आत जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर बघून आला. ‘तेहेतीस.’

‘तीन वाजता तिथे सव्वीसच्या खाली आलं तर तू रिकाम्या बॅगा रिकाम्याच घेऊन जायचं. नाही आलं, तर मी स्वतः कपडे भरते, तोंडातून शब्द काढणार नाही.’

‘आई, लहान मुलांसारखं...’

‘घाबरलास?’

त्याच्या बापालाही मी असंच म्हणायचे. दोघांवरही चालतं.

आता ऐका हं, कारण तुमच्या गाडीलाही हाच आजार असणार, सगळ्या गाड्या एकाच घाईत बनवलेल्या असतात. मी काय केलं, टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद सहा पट्ट्या फाडल्या आणि सहाही जाळ्यांना एकेक चिकटवली. पहिल्या जाळीची पट्टी अशी फडफडली, की जणू उडून जाते. दुसरी नाचत होती. तिसरी मान डोलावत होती. चौथी विचार करत होती. आणि मागच्या खोलीतल्या दोन, पाचवी आणि सहावी... लोंबत होत्या. नुसत्या. पुढे हुडहुडी, मागे भट्टी, आणि त्याचा हा कागदी पुरावा.

एसीवाला म्हणाला, ‘हे आम्ही मशीनने मोजतो.’

मी म्हटलं, ‘मग मोजलंत का?’

तो पिशवीत काहीतरी शोधायला लागला.

मग मी छतातल्या मधल्या पेटीचं झाकण खोललं. या पेटीत दोन कप्पे असतात. एका कप्प्यातून खोलीतली गरम हवा वर ओढली जाते, दुसऱ्यातून गार झालेली डक्टमध्ये जाते, आणि मध्ये एक भिंत. भिंत कसली, चिंधीच्या बांधणीची. मी पावडरच्या डबीचा आरसा आत धरला आणि टॉर्च मारला, तर भिंतीच्या कडेने बोट जाईल एवढी फट. म्हणजे गार हवा निघायची डक्टकडे आणि फटीतून परत ओढली जायची मशीनच्या पोटात. नवी नवरी दारातूनच माहेरी परत. संसार काय डोंबलाचा होणार?

‘बघा,’ म्हटलं, ‘वर चढा आणि बघा.’

बघितलं त्याने. मग त्याच्या पिशवीतून चंदेरी पट्टीचं रीळ आपणहून बाहेर आलं. कापडी चिकटपट्टी नाही वापरायची बरं का, ती उन्हाळ्यात गळून पडते, जावयाच्या उत्साहासारखी, माझी दरवर्षी पडायची. ती ॲल्युमिनियमची लागते. एकेक सांधा नखाने घासून घासून बसवला. डक्टच्या तोंडाशी हवा जिथे आपटून थबकत होती तिथे पुठ्ठ्याची तिरकी घसरगुंडी करून दिली, वरून चंदेरी पट्टी. मी सांगत होते, तो चिकटवत होता, मुलगा खाली शिडी धरून उभा. तिघं कामाला लागल्यावर घर कसं भरल्यासारखं वाटतं नाही? गाडीत तीन माणसांचा आवाज... असो. असो.

एक वाजता किती? एकोणतीस.

मुलगा म्हणाला, ‘कमी झालं, मान्य.’

‘मान्य नको करूस, घड्याळ बघ.’

दोनला किती? अठ्ठावीस. आणि मग हटेना. तुम्हाला सांगते, त्या अठ्ठावीसवर तो पारा असा बसला, की पाहुणा जेवण झाल्यावरही बसतो ना, तसा. पाचवी आणि सहावी पट्टी जेमतेम श्वास घेत होत्या. अडीच वाजले. मुलाने एका बॅगेची चेन उघडली. नुसती उघडली, पण तो आवाज... चेनचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. ‘आई, औषधं कुठली कुठली घ्यायची?’ असं हळूच विचारलं. हळूच. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तर असतं.

एसीवाला म्हणाला, ‘आजी, मागच्या डक्टमध्ये काही अडकलंय का, कधी बघितलंय?’

मी म्हटलं, ‘दहादा बघितलंय.’

आणि म्हणताना थांबले. कारण मी नव्हतं बघितलं.

आमची कामाची वाटणी होती हो. पहिल्यापासून. बांधणीच्या दुकानातही मी पुढे गिऱ्हाइकांशी भांडायचे आणि हे मागे बसून शिवायचे. गाडीतही तसंच. मी पुढे पेटीत डोकं खुपसून, आणि हे मागे पलंगावर उभे. मी ओरडायची, ‘मागे बघा हो काही अडलंय का.’ हे जाळी काढायचे, कोपरापर्यंत हात घालायचे आणि तिथून त्यांचा तो शांत आवाज, ‘मोकळं आहे गं.’ पट्ट्यांची युक्ती तेव्हाही करायचे मी. ‘हलतेय का?’ ‘हलतेय, थोडी हलतेय.’ सहा वर्षं मला तो बोगदा मोकळा आहे हे माहीत होतं, कारण यांनी सांगितलं होतं, आणि हा माणूस खोटं बोलत नाही हे मला लग्नापासून माहीत होतं.

गेले मागे. दीड वर्षात त्या पलंगावर मी बसले असेन, चढले नव्हते. यांची बाजू डावी, यांच्या उशीवर पाचवी जाळी. माझी बाजू उजवी, सहावी. डक्ट येतो तो आधी यांच्या डोक्यावर आणि मग माझ्या. मी यांच्या बाजूला उभी राहिले, पाचवी जाळी काढली, हात घातला. कोपरापर्यंत. बोटांना काय लागलं?

कापड.

आणि कापडाला एक फीत.

तुम्हाला सांगते, मी ते हळूच सोडवून बाहेर काढलं. चिंधी नव्हती, बोळा नव्हता. झाकण होतं. डक्टच्या मापाचा बरोबर कापलेला पुठ्ठा, चारी कडा कापडाने दुमडून मढवलेल्या, कोपरे असे बसवलेले की नख शिरणार नाही, एका बाजूला कापडी बिजागरी, आणि मधोमध निळी फीत. पुस्तकात खुणेला असते तशी. ओढली की झाकण उघडतं, ढकललं की बंद. वकिलाच्या ग्रंथालासुद्धा एवढी चांगली बांधणी मिळाली नसेल.

एसीवाल्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘आजोबा कसबी होते.’

कसबी.

आता माझा संताप तुम्हाला कळतोय ना? नाही कळणार, थांबा, एक गोष्ट राहिली. आमचं चाळीस वर्षांचं एकच भांडण. मला उकडतं, त्यांना गार लागतं. मी खिडकी उघडायची, ते लावायचे. मी पंखा पाचवर, ते दोनवर. मी पांघरूण फेकायची, ते माझंही स्वतःवर घ्यायचे. आणि गाडी घेतली तेव्हा मी बजावून सांगितलं होतं, ‘आता एसी आहे. आता माझं चालणार.’ हे म्हणाले, ‘चालू दे.’ एवढंच. चालू दे. आणि पहिल्याच आठवड्यात मी तळावरच्या बायकांशी गप्पा मारत बाहेर बसलेली असताना या माणसाने आत पुठ्ठा कापला.

आणि ऐका, याच्यापुढचं ऐका. त्या एसीच्या कंपनीला मी तक्रारीची अकरा पत्रं पाठवली. अकरा. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून मी सांगायची आणि हे लिहायचे. टेबलावर, त्या सुंदर अक्षरात, त्या झाकणापासून चार पावलांवर बसून. ‘महोदय, पुढे हुडहुडी आणि मागे भट्टी अशी आमची अवस्था आहे.’ आणि मध्येच मान वर करून मला विचारायचे, ‘‘असह्य’ लिहू की ‘अत्यंत असह्य’?’ मी म्हणायची, ‘अत्यंत.’ हे लिहायचे, अत्यंत. कंपनीने दोनदा माणूस पाठवला बिचारा, आणि मी त्या माणसाला जे काही बोलले, ते आता आठवलं की... आणि हे त्याला पाणी देत होते. आग्रहाने.

आणि ती पट्टी, हलतेय, थोडी हलतेय? फुंकर मारत असणार. पलंगावर उभं राहून, गाल फुगवून.

मुलगा हसायला लागला. आधी दाबून हसला, मग पलंगावर बसून हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, ‘बाबांनी... आई, बाबांनी तुला...’ आणि मला राग आला, आणि मग मी ते झाकण उलटं केलं.

यांची एक सवय होती. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला, आतल्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने बारीक तारीख घालायचे आणि कुणासाठी ते लिहायचे. ‘वाचनालयासाठी.’ ‘वकीलसाहेबांसाठी.’ ‘मास्तरांच्या मुलीसाठी.’ कुणी बघत नाही तिथे, पण लिहायचेच. त्या झाकणाच्याही कोपऱ्यात होती. तारीख, आणि खाली, ‘स्वतःसाठी’.

चाळीस वर्षांत या माणसाने हजारो पुस्तकं बांधली. स्वतःसाठी एक बांधलं नाही. आमच्या घरातली पुस्तकं सगळी फाटकी. स्वतःसाठी बांधलेली वस्तू आयुष्यात ही एक, आणि ती माझ्यापासून लपवून.

मला सांगायचं ना. तोंड होतं की. ‘गार लागतं गं’ म्हणायचं. म्हटलंही असेल. म्हटलंच असेल हो, शंभरदा म्हटलं असेल, आणि मी म्हटलं असेन, ‘शाल घ्या.’ पुढे गिऱ्हाइकांशी भांडणाऱ्या बाईशी कोण भांडणार? मागे बसून शिवणं सोपं. आणि बघा, मला सांगितलं असतं तर नुसती त्यांची जाळी बंद केली असती, सगळा वारा माझ्या जाळीला आला असता, दोघांचं भागलं असतं. पण जाळी बंद केली तर मला दिसली असती. म्हणून आत, डक्टमध्ये, कुणाला दिसणार नाही असं. म्हणून माझ्याही वाटचा वारा गेला. साडेचार वर्षं दोघं मिळून उकडत... नाही, मी उकडत. ते मजेत.

आणि ती निळी फीत. फीत कशाला? कायम बंद ठेवायचं तर फीत कशाला लागते? हे मला एसीवाल्याने विचारलं, आणि मी म्हणणार होते, हौस, दुसरं काय. पण तोंड उघडलं आणि आठवलं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात मला ताप आला होता. आठ दिवस. त्या पलंगावरच होते. आणि त्या आठ दिवसांत ती खोली इतकी गार होती, इतकी गार... मी तापातसुद्धा यांना ऐकवलं होतं, ‘बघितलंत? माझी चिकटपट्टी टिकली शेवटी. जमलं मला.’ हे म्हणाले, ‘जमलं की.’ नवव्या दिवशी मी उठले, आणि दहाव्या दिवशी पुन्हा भट्टी. मी म्हटलं, मशीनचा लहरीपणा. कंपनीला आठवं पत्र त्याचंच. आणि त्या आठ दिवसांत हे माझ्या पायाशी बसलेले मला आता दिसतात. भर उन्हाळ्यात. स्वेटर घालून. कानटोपी घालून. मी विचारलंसुद्धा होतं, ‘हे काय सोंग?’ म्हणाले, ‘असंच.’

निघालात? बसा हो, संपतच आलंय. बसा.

तर झाकण निघाल्यावर वारा सुटला. पाचवी पट्टी फडफडली, मग सहावी. पुढच्या जरा शांत झाल्या, त्यांनाही इतकं नाचायची गरज नव्हती. पावणेतीनला सत्तावीस. तीनला पाच कमी असताना सव्वीस. आणि तीनच्या ठोक्याला एसीवाल्याने स्वतः थर्मामीटर वाचला, मुलाला नाही, मला सांगितलं. ‘पंचवीस, आजी.’ शिडी उचलली, रीळ इथेच ठेवलं, म्हणाला, असू द्या तुमच्याकडे, आणि गेला. सज्जन माणूस. मी आधी त्याला फार बोलले.

सहा वर्षांनी पहिल्यांदा पुढेही गार, मागेही गार. आणि मला काय वाटलं सांगू? आता बोलायचं कशाबद्दल? सकाळी उठून पहिली गोष्ट मी त्या मशीनला शिव्या द्यायची. दीड वर्षं, ते गेल्यावरसुद्धा, दिवसातला पहिला आवाज तोच. आता उठून काय म्हणू? छान आहे, म्हणू? कुणाला?

मुलगा गेला नाही. पैज हरला होता, बॅगा दाराशी होत्या, पण बसून राहिला, माझ्या बाजूला पलंगाच्या कडेवर. मी म्हटलं, ‘ठरलं होतं.’ तो म्हणाला, ‘आई, ठरलं होतं. पण गारव्याचा प्रश्न नव्हताच. तू एकटी आहेस.’

मी म्हटलं, ‘ते तापमानात बसत नाही.’

‘थट्टा नको. पडलीस, झडलीस, कुणाला कळणार? दर तीन दिवसांनी शेजार बदलतो तुझा.’

‘म्हणून तर माझ्या गोष्टी कधी शिळ्या होत नाहीत.’

‘आई.’

‘तुझ्या घरी मी तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत बसून काय करू? तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी आठला आत. तिथे एकटी, इथे एकटी. इथे निदान स्क्रू माझे आहेत.’

तो चिडला. मीही चिडले. तुम्हाला सांगते, आमच्या घरात चिडल्यावर आवाज चढत नाही, वाक्यं लहान होतात. ‘हट्टी आहेस.’ ‘आहे.’ ‘बाबा असते तर...’ ‘तर पुठ्ठा कापला असता.’ ‘मी आता रोज येऊ शकत नाही.’ ‘बोलावलं नाही.’ ‘मग काही झालं तर?’ ‘झालं तर होईल.’ असं अर्धा तास चाललं, आणि वरून तो नवा वारा यांच्या रिकाम्या उशीवर सरळ पडत होता. अभ्रा हलत होता. त्यांच्या बाजूचा अभ्रा, मी तो बदलते, दर रविवारी बदलते, तो असा कोपऱ्यातून हलत होता, आणि मला मुलाचं बोलणं ऐकू येईना. मी ते झाकण हातात घेऊन नुसती तिकडे बघत होते.

त्याला वाटलं, मी एसीचाच विचार करतेय. म्हणाला, ‘जाऊ दे ना ते झाकण आता. दोन्ही जाळ्या चालू दे, छान हवा येतेय. त्या बाजूला आता आहे कोण?’

म्हणून गेला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं, काय बोललो ते.

त्यानंतर मी एकच वाक्य बोलले. रागाने नाही हो, घरात कामं सांगतो ना तसं, आणि झाकण त्याच्या हातात दिलं. तो चप्पल काढून पलंगावर चढला, बापाच्या बाजूला उभा राहिला, पाचव्या जाळीवर ते झाकण बाहेरून नीट बसवलं, चारी कडा चंदेरी पट्टीने चिकटवल्या, निळी फीत मात्र खाली लोंबती ठेवली. सगळा वारा माझ्या बाजूला आला. उतरला, रिकाम्या बॅगा उचलल्या आणि म्हणाला, ‘रविवारी येतो.’ दर रविवारी येईन, असंही म्हणाला. बघू.

काय बोलले म्हणता? फार काही नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘त्या बाजूची जाळी बंद कर रे, त्यांना गार लागतं.’